फितुरी आणि विहीर

“मेलेल्या पुढाऱ्याचं भ्या न्हाय, मालक. भ्या त्याच्या नातवांचं,” असं म्हणून सर बशीतल्या चहावर फुंकर मारायचे.

नव्वदच्या दशकात मंगळवार पेठेत माझा छापखाना होता. सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. तुम्ही त्या पेठेत राहिला असाल, तर सायकल हातात धरून चालणारा, भेटेल त्याला इंग्रजी अमदानीतल्या पुढाऱ्यांच्या भानगडी सांगणारा हा उंच माणूस पाहिलाच असेल. गव्हर्नरच्या मेजवानीला कोण उसनी पगडी घालून गेला, हे ते असं सांगत, जणू कालच त्याच्या पंगतीला होते. बढतीही त्यांनी नाकारली. दप्तरखान्यात जुने कागद चाळत बसायला वेळ उरणार नाही म्हणून.

शेवटी त्यांचं पुस्तक माझ्याकडे छपाईला आलं. जिल्ह्यातल्या एका मोठ्या पुढाऱ्यानं आपल्याच दोन सोबत्यांची नावं इंग्रजांना दिली आणि दोघं फासावर गेले, असं त्यात होतं. ते बाहेर कसं फुटलं, कळलं नाही.

भर दुपारी पाच-सहाजण लोखंडी पाइप घेऊन आत शिरले. सर प्रुफं तपासत होते.

“मास्तर, माफी माग.”

“काय चुकलंय ते दावा. दुरुस्त करतो.”

पहिला फटका टेबलावरच्या उजव्या हातावर बसला. हाड मोडल्याचं मी ऐकलं. मधे पडलो तर माझं डोकं फोडलं. सरांना केसाला धरून त्यांनी यंत्रावर आपटलं, खाली पडल्यावर कोपरावर पुन्हा पाइप घातला. रक्त प्रुफांवर सांडत होतं आणि सर एकच म्हणत होते, “फुडचं पान वाचा की.”

कुणी वाचलं नाही. कागद पेटवून ते गेले.

पुढच्या पानावर काय होतं, मला ठाऊक होतं. त्याच पुढाऱ्यानं भावकीशी वैर पत्करून गावची विहीर अस्पृश्यांना खुली केली होती.

दवाखान्यात मी चिडून म्हणालो, “सर, ते विहिरीचं काढून टाकू. कशाला त्याचं कौतुक?”

“त्या विहिरीची पहिली घागर माझ्या आईनं भरली, मालक.” मग म्हणाले, “आन् फासावर गेलेल्यांच्याबी आया हुत्याच की. दोन्ही ऱ्हाऊ दे.”

खटल्यात साक्ष आम्हा दोघांचीच. गल्लीत दुसऱ्या कुणी काही पाहिलं नव्हतं. सगळे सुटले. पुस्तक मी नव्यानं छापलं, दोन्ही पानांसकट. सरांचा हात कोपरात वाकला तो वाकलाच.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी सर गेले. अंत्ययात्रेआधी वहिनींनी तो हात सरळ करून पाहिला. जरा जोर लावला, मग “दुखंल त्यास्नी” म्हणत सोडून दिला. पांढऱ्या चादरीखाली कोपर वर आलेलंच राहिलं, आणि तसंच आम्ही त्यांना खांद्यावर घेतलं.