विहिरीचं पाणी

नागभीडजवळच्या आमच्या विहिरीचं पाणी तपासायला एक बाई येते. बाटली काचेचीच, पाण्याला ती प्लास्टिक लागूही देत नाही.

परवा म्हणाली, "भाऊ, हार्मोन लागला की चमकणाऱ्या पेशी आमच्या लॅबमध्ये असतात. तुमच्या पाण्यानं त्या चमकल्या. हार्मोनची नक्कल करणारं काहीतरी आहे त्यात."

"म्हंजे पाणी खराब हाय?"

"तसं नाही सांगता येत."

"मंग चांगलं हाय?"

"तसंही नाही."

तेवढ्यात बायकोनं नेहमीसारखा त्याच विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. बाईनं तांब्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि घटाघटा पिऊन टाकलं.

खात्री होती म्हणून प्याली, की आमचा मान राखायला?

बाळंतपणाला आलेली लेक आतून पाणी मागते, आणि मी भरला तांब्या घेऊन उभाच.