ढगात ठेवलेली वही

आमच्या दुकानात संध्याकाळचं शेवटचं काम ठरलेलं आहे. हत्यारं भिंतीला टांगायची, उरलेली तार डब्यात ठेवायची, देवाच्या फोटोपुढे उदबत्ती फिरवायची आणि मेन स्विच पाडायचा. शटर त्यानंतर. हा नियम बाबांनी घातला तेव्हा मी हाफपँटमध्ये होतो. वरठीला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटरी येतात, आम्ही त्यातली करपलेली तार उपसतो आणि नवी भरतो. जन्मभर जळक्या तारेचा वास घेतलेला माणूस बंद दुकानात करंट ठेवून घरी जाऊच शकत नाही. बाबांचं वय झालं, हात थरथरतात, डोळ्यांनी नीट दिसत नाही, वाइंडिंग सुटून काही वर्षं झाली. पण दिवसभर ते दाराजवळच्या खुर्चीवर बसतात आणि संध्याकाळी स्विच स्वतःच पाडतात. दुसऱ्या कुणाच्या हातावर त्यांचा भरवसा नाही.

बाबांची एक वही होती. कोणत्या मोटरीला किती वेढे, कोणत्या जाडीची तार, किती खाचा सोडून कॉइल टाकायची, हे प्रत्येक मोटरीचं वेगळं असतं. वेढे फार कमी पडले तर मोटर दोन दिवसांत परत जळते, थोडे कमी पडले तर काही महिन्यांत, आणि जास्त झाले तर तिच्यात जोर राहत नाही. म्हणून जळकी मोटर उघडली की बाबा आधी जुने वेढे मोजायचे आणि वहीत लिहायचे. पुढेमागे कुणी मोटर नुसती उपसून आणली, तरी वही उघडली की झालं. त्यांनी धंदा सुरू केल्यापासूनची ती मोजणी होती. अक्षर छापल्यासारखं, पानं वार्निश लागून तांबूस झालेली.

एवढं असताना मला आधुनिक व्हायची हौस आली.

भंडाऱ्याला एका हॉलमध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी कार्यक्रम होता. समोसा होता, म्हणून गेलो. टाय लावलेल्या एका तरुणाने पडद्यावर ढगाचं चित्र दाखवलं आणि आमच्यापुढे तीन पर्याय ठेवले. आपला सर्व्हर आपल्याच दुकानात ठेवा, नाहीतर सगळं त्यांच्या क्लाउडवर टाका, नाहीतर थोडं इकडे थोडं तिकडे. आमच्या दुकानात उंदीर वायरी खातात, तेव्हा पहिला पर्याय गेला. तिसरा मला कळला नाही. राहिला ढग. ‘तुम्ही फक्त तुमचा धंदा करा, कॉम्प्युटरची काळजी आमच्यावर सोडा,’ असं तो म्हणाला. मला ते फार आवडलं. लग्नात मुलीच्या बापाला जावई असंच काहीतरी सांगतो, हे तेव्हा आठवायला हवं होतं.

त्यांचा इंजिनिअर एकदाच आला. भर दुपारी आला, आमच्या घरून आलेला वरणभात जेवला, कॉम्प्युटर जोडला, दुकानाच्या नावाने एक ईमेल काढला, त्याचा पासवर्ड स्वतःच्या डायरीत लिहिला आणि गेला. त्यानंतर कंपनीचं मला कधी तोंड दिसलं नाही, फक्त आवाज ऐकू आले. दर वेळी नवा आवाज. प्रत्येकाला माझी कहाणी पहिल्यापासून सांगायची आणि प्रत्येकाने शेवटी म्हणायचं, ‘सर, एक बार बंद करके चालू कीजिए.’ हा सल्ला मी शेतकऱ्यांना इतकी वर्षं फुकट देत आलो होतो. तक्रार केली की तिकीट नंबर मिळायचा. तो एवढा लांब की लिहून होईपर्यंत फोन कटायचा. कधी तो आवाज तिकडे बसूनच आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचा आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागायचा. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बायको म्हणाली, ‘‘हे अंगात आल्यासारखं काहून करून राहिलं?’’

तरी त्या पावसाळ्यात तिनेच बसून अख्खी वही कॉम्प्युटरमध्ये उतरवली. स्वयंपाक आटोपून रोज दुकानात यायची आणि एकेक बोटाने टाइप करायची. बाबा खुर्चीवरून बघत असायचे. अक्षर इतकं स्वच्छ होतं की त्यांना काही विचारायची गरजच पडली नाही. रोज रात्री दोन वाजता सगळं आपोआप ढगात जाणार होतं. इंजिनिअरने तसं लावून दिलं होतं.

दिवाळीच्या साफसफाईत मी ती वही रद्दीत घातली. हे लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा छाती फुगली होती. आता आपल्याला कागद लागत नाही, असं मी शेजारच्या पंक्चरवाल्याला मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात बोललो. बाबांना मात्र सांगितलं नाही. वही आत कपाटात आहे, असं त्यांना वाटू दिलं.

उन्हाळ्यात एका दुपारी लाइनीत होल्टेज वाढलं. पंखा भन्नाट फिरला, कॉम्प्युटरमधून बारीक आवाज आला आणि माझ्या सगळ्यात ओळखीचा वास सुटला. कॉम्प्युटर आतल्या डिस्कसकट जळाला होता. गावोगावच्या लोकांना स्टॅबिलायझर लावा म्हणून झापणाऱ्या माणसाच्या दुकानात स्टॅबिलायझर नव्हता. पण मी ढिम्म हललो नाही. आपलं सगळं वर सुरक्षित आहे. फोन लावला. आवाज म्हणाला, ‘चिंता मत कीजिए सर, दूसरा सिस्टम लगाइए, हम बॅकअप से ले आएंगे.’ आणि तिकीट नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या गावातली एक बाई मोटर घेऊन आली. मोटर कसली, नुसती बॉडी. गावातल्या कुण्या मिस्त्रीने ती उघडली, तार उपसून तांबं विकलं आणि मग हात वर केले. मोजायला आत एक वेढा शिल्लक नव्हता. मोटर जुनी, तिची कंपनी कधीच बंद पडलेली. पण याआधी आमच्याच दुकानात ती दोनदा भरली होती, म्हणून बाई निश्चिंत होती.

‘‘भाऊ, उन्हाळी धान लोंबीवर आला,’’ ती म्हणाली. ‘‘बांधीले भेगा पडून राहिल्या. उद्यापर्यंत पाणी नाही लागलं तर सबन पोचट होते. तुमच्या बाबाच्या वहीत हाय ना हिचा हिशोब?’’

‘‘हाय ना,’’ मी म्हणालो. ‘‘कॉम्प्युटरमध्ये हाय.’’

पंक्चरवाल्याच्या पोरीचा लॅपटॉप मागून आणला. बाण आपोआप फिरू लागला. बाई बाकावर पदर सावरून बसली आणि बाणाकडे बघत राहिली. तास गेला. मग आवाज म्हणाला, ‘सर, क्लाउड में एक ही फाइल दिख रही है.’ उघडली. त्यात इंजिनिअरने जेवणानंतर चाचणीसाठी स्वतःच्या हाताने चढवलेली एकच ओळ होती: नमस्ते.

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. बॅकअप रात्री दोनचा. आणि रात्री दोन वाजता आमच्या दुकानात करंट कधीच नसतो. ज्या दिवसापासून ढग घेतला, त्या दिवसापासून एकही रात्र त्यात काही गेलं नव्हतं. मी विचारलं, मग मला कळवलं का नाही? तो म्हणाला, ‘सर, रोज सुबह मेल गया है.’ मेल गेला होता त्या ईमेलवर, ज्याचा पासवर्ड इंजिनिअरच्या डायरीत होता. म्हणजे कंपनी रोज सकाळी कंपनीलाच पत्र लिहीत होती आणि उत्तर आलं नाही म्हणून तक्रार मिटवून टाकत होती. मी शिव्या दिल्या. तो शांतपणे म्हणाला, ‘सर, रात को सिस्टम बंद नहीं करना था.’ मोटरवाल्याला कुणीतरी हे आधी सांगायला हवं होतं, किंवा मी कुणाला तरी विचारायला हवं होतं.

बाई उठून उभी राहिली. ‘‘भाऊ, होते का नाही, तेवढं सांगा. नाही तर मी दुसरीकडे नेतो.’’ दुसरीकडे कुठे नेणार होती? अंदाजाने भरून देणारे खूप होते. दोन दिवसांत मोटर परत जळाली असती आणि तिचा धान उभ्याउभ्या वाळला असता.

मी बॉडी उचलली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली. ‘‘बाबा, वही सापडून नाही राहिली. ह्या मोटरचं आठवते का काही?’’

बाबांनी आतून हात फिरवला. खाचांवरून बोटं एकेक करून सरकली. चोवीस मोजल्या. मग बाईकडे मान वळवून विचारलं, ‘‘तुह्या सासऱ्याची न हे? लंगडत चाले तो?’’

‘‘हो जी.’’

‘‘छप्पन वेढे,’’ बाबा म्हणाले. ‘‘तार एकवीसची. मांगच्या टायमाले यानं बावन्न टाकले होते, म्हणून जळली ते.’’

‘यानं’ म्हणजे मी. वही समोर उघडी असताना मी मोठ्याने मोजत बावन्न टाकले होते आणि त्यांनी तेव्हा नुसतं ऐकलं होतं. मान खाली घालून कॉइल बांधायला बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मोटर लावून पाहिली. एकसारखा, गोड आवाज आला. बाईने ती पोत्यात गुंडाळली, बाबांच्या पाया पडली, माझ्याकडे बघितलंही नाही आणि गेली.

संध्याकाळी फोन वाजला. तिकडून एक गोड आवाज सांगत होता की माझं तिकीट यशस्वीरीत्या सोडवण्यात आलं आहे, तरी सेवेला एक ते पाचमध्ये गुण द्या. मी फोन ठेवला आणि बाबांजवळ उकिडवा बसलो.

‘‘बाबा, वही सापडत नाही असं नाही. मी ते रद्दीत देल्ली.’’

‘‘माहीत हाय. दिवाळीले माह्या समोरूनच नेली रद्दीवाल्यानं.’’

‘‘मंग बोलले काहून नाही?’’

बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले, ‘‘तुह्या ढगात सबन हाय म्हणे. म्हटलं, कुठं अडला का इचारशीन मले. वरीस होत आलं बे, तू मले एक आकडा इचारला नाही. रोज याच खुर्चीवर वाट पाहून राहिलो.’’

मला रडू आलं. ते लपवायला मी आत गेलो, कपाटात पडलेली पोराची शाळेची एक कोरी वही आणि पेन घेऊन आलो. तोवर जवळच्या कारखान्याची शिफ्ट सुटली होती आणि रस्त्यावर सायकलींची गर्दी झाली होती. दुकान बंद करायची वेळ. बाबा खुर्चीवरून उठले नाहीत, तेव्हा मीच मेन स्विचकडे हात नेला.

‘‘राहू दे आज,’’ बाबा म्हणाले. ‘‘लिहाले उजेड लागते.’’