शेजारच्या सीटवरचा ब्रेक

गाडी शिकवायच्या म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तरीणबाईच म्हणायची. शिकवणीच्या गाडीत ब्रेक दोन: एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा बाईंच्या. त्या दुसऱ्या ब्रेकच्या जिवावर बाईंनी किती नवशिक्यांना खांबांपासून, भिंतींपासून आणि एकदा तर भाजीच्या गाड्यापासून वाचवलं होतं! तोंडही तसंच चालायचं. "अहो, आरसा भांग पाडायला दिलेला नाही!"

एका विषयावर मात्र बाई गप्प. आई स्तनाच्या कॅन्सरनं गेली. मग थोरल्या ताईचं त्याच दुखण्याचं ऑपरेशन झालं आणि तपासणीत निघालं, की जनुकातला दोष आईकडून आलाय. डॉक्टर म्हणाले, धाकटीनंही रक्त तपासून घ्यावं, म्हणजे वेळीच लक्ष ठेवता येईल. बाईंनी ते झटकून टाकलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. उगाच खाजवून खरूज कशाला काढायची?"

खरी भीती वेगळीच होती. स्वतःचं काय, सोसलं असतं. पण आपल्यात निघालं, तर कदाचित लेकीलाही आपणच दिलेलं असेल!

त्या दिवशी लेक त्यांना ताईकडे घेऊन निघाली. गाडी लेकीची, चालवणारीही लेकच. चौकात एक स्कूटर आडवी आली आणि बाईंनी पाय दाबला, चांगला दात-ओठ खाऊन. गाडी थांबवली ती लेकीनं.

"अगं आई, तिथे ब्रेक नाहीये!" लेक हसली. मग हसू ओसरलं. "मी डॉक्टरांना भेटून आले. म्हणाले, आधी आईचं बघा. तिच्यात तो दोष नसला तर तुम्हाला तपासायचीही गरज नाही. माझं तुझ्यापाशी अडलंय गं."

"आणि असला तर? मीच दिला ना तुला?"

"नाक दिलंस, हे तापट डोकं दिलंस. त्याचं कधी वाईट वाटलं तुला?"

बाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. मागून हॉर्न सुरू झाले. पाय अजून तसाच दाबलेला होता, खाली नुसती चटई. त्यांनी तो उचलून घेतला.

"ताईला फोन कर, उशीर होईल म्हणावं. आधी दवाखान्यात चल. आरशात बघ, मग वळव." सीटचा पट्टा ओढून घेत त्या म्हणाल्या, "आणि हळू चालव. मला भीती वाटतेय गं."