फुलसावंगीच्या देवीचं एक बोट

दुर्गा बघायला लोक यवतमाळात येतात. यंदा मी उलटं केलं. देवीला घेऊन यवतमाळच्या बाहेर गेलो, तेही आयशरच्या हौद्यात, तणसाच्या पेंढ्यांवर बसून. पाठीचं भजं झालं, पण सांगतो, इतकी भन्नाट ट्रिप गेल्या कित्येक वर्षांत झाली नाही.

नवीन वाचकांसाठी थोडं माझ्याबद्दल. लोहाऱ्याला एमआयडीसीजवळ माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. आयटीआयचं तोंड मी पाहिलेलं नाही. वेल्डिंग, वायरिंग, गिअर बसवणं, सगळं बघून, चुकून, हात भाजून शिकलो. आज मी जोड असा घासून देतो की इंजिनिअर लोक बोट फिरवतात आणि विचारतात, "मिस्त्री, जोडलं कुठून?" मूर्तींचे लोखंडी सांगाडे मीच करतो. त्यावर गवत, माती आणि रंग चढवतो निमाई.

निमाई बंगालचा, नदिया जिल्ह्यातला. दरवर्षी पावसाळ्यात येतो, माझ्या वर्कशॉपशेजारच्या शेडमध्ये मुक्काम टाकतो आणि दिवाळीच्या तोंडावर गावी परततो. इतकी वर्षं येतो आहे की आता आमच्या वऱ्हाडीत शिव्या देतो. माणूस मानी. केसांना कलप, तोंडात पान आणि स्वतःच्या कामाचं कौतुक स्वतःच करायची सवय. आमचं रोज भांडण. तो म्हणतो तुझं लोखंड जड, मी म्हणतो तुझी माती जड.

फुलसावंगीच्या एका मंडळानं पहिल्यांदाच दहा हातांची मोठी देवी सांगितली होती, खाली फिरता पाट आणि मागं दिव्यांचं चक्र. पाट आणि चक्र माझं, म्हणजे मला जाणं भाग. निमाईला जाणं भाग, कारण तो देवीचे डोळे शेडमध्ये काढत नाही. देवी जिथं बसणार तिथं नेऊन, सगळ्यात शेवटी काढतो. पितृपक्षात देवी कशी नेता, असं आमच्या गल्लीत दोघांनी हटकलं, तेव्हा निमाई म्हणाला, "डोळे नाई तवर माती हाये काका. मातीला कोणता पक्ष?"

सकाळी लवकर निघालो. लांबच्या प्रवासाआधी मी कळंबला चिंतामणीला जाऊन येतो, पण ते उलट्या दिशेला, म्हणून आदल्या दिवशीच उरकलं. यवतमाळ ते आर्णी रस्ता झकास आहे, आयशरसुद्धा पळते. दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडलेलं, तूर हिरवीगार, कपाशीला कुठं कुठं पहिलं बोंड फुटलेलं. आर्णीला स्टँडजवळ आलूबोंडा-रस्सा खाल्ला. तर्री मागून घ्यावी लागते, नाहीतर बाहेरगावचे समजून फिकं देतात. निमाई रस्सा न घेता नुसता बोंडा खातो हे पाहून हॉटेलवाल्यानं विचारलं, "काहून भाऊ, तब्येत बरी नाई का?"

"तब्येत बरी हाये, म्हणूनच नाई खाऊन राह्यलो," निमाई म्हणाला.

पुढं माहूरचा फाटा डावीकडे सोडायचा, महागाव गाठायचं आणि तिथून आत वळायचं. आतला रस्ता मात्र सांभाळून. कोणी मूर्ती, फर्निचर, काच असं काही नेणार असाल तर ड्रायव्हरला महागावातच चहा पाजून शांत करा. आमच्याकडून ते राहिलं. एका पुलाच्या आधी असा दणका बसला की हौद्यात मी देवीच्या पायाशी लोटांगण घातलं.

गावात पोचून कापड सोडलं तेव्हा नुकसान कळलं. खालच्या डाव्या हाताचं एक बोट तुटून पेंढ्यात पडलेलं, त्याचे तीन तुकडे. मी ड्रायव्हरवर ओरडलो. निमाई मात्र खूश! "काही तं मोडलंच पायजे मिस्त्री. जे मोडते ते तिथल्याच मातीनं भरायचं. माह्या बापाची रीत हाये."

मंडळाचे अध्यक्ष बाबूसिंग राठोड यांच्याकडे आमचा मुक्काम होता. पन्नाशी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा, घरी आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय न सोडणारा गृहस्थ. माती आणायचं काम मी अंगावर घेतलं आणि त्यांच्या वावरातली घमेलंभर काळी माती आणली. विदर्भाची काळी, सोन्यासारखी! निमाई पान चघळत राहिला. हसल्या त्या बाबूसिंगभाऊंच्या घरच्या, जमनाकाकू.

"भाऊ, काळी वाळली का भेगा पडते. देवीचं बोट उन्हाळ्यातल्या वावरासारखं करता का?" मग त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यातल्या पडक्या भिंतीची पांढरी माती काढली, जिच्यावर गाव वसतं ती, आणि चाळणीनं चाळून दिली. निमाईनं त्यात ताग कातरून घातला, तुटक्या बोटाच्या जागी नवं बोट वळलं. मी माझा हॅलोजन लावून ते वाळत ठेवलं.

जेवायला रोटी, वांग्याची भाजी आणि ठेचा. निमाईसाठी काकूंनी वेगळा भात टाकला होता. जेवताना बाबूसिंगभाऊंनी मुलाचा विषय काढला. विनोद आयर्लंडमध्ये एका गोदामात सुपरवायझर आहे. अभिमान असा की त्याच्या गावाचं नाव ते घास थांबवून, नीट उच्चारून सांगतात. पण गेल्या महिन्यात बसस्टॉपवर चार पोरांनी त्याला घेरलं होतं. कुठला तू, कागद दाखव, तुझ्या देशात जा. तेव्हापासून विनोद पासपोर्ट खिशात घालूनच दुकानात जातो.

"टॅक्स भरते माहा पोरगा तिथं! हे रेसिझम हाये, दुसरं काही नाई," बाबूसिंगभाऊंचा आवाज चिरकला. "आपल्या सरकारनं डोळे वटारले पायजे." मीही जोरात मान हलवली. देशाच्या बाबतीत मी कडवाच आहे. वर्कशॉपवर पंधरा ऑगस्टला झेंडा मी स्वतः केलेल्या खांबावर चढतो, आणि त्याचा ओळंबा कुणीही लावून बघावा.

संध्याकाळी मंडपात मी पाटाची मोटर बसवत होतो. निमाई नव्या बोटाला रंग देत होता, शेजारी जमनाकाकू पणत्या मांडत होत्या. तेवढ्यात बाबूसिंगभाऊंचा पुतण्या आकाश पाच-सहा जणांना घेऊन आला. चांगला तरतरीत तरुण, दुपारी आमच्यासोबत मूर्ती यानंच उतरवली होती. हातात मोबाइल.

"निमाईदादा, राग मानू नका. आधार दाखवता का?"

"कायले?"

"ग्रुपवर चर्चा चालू हाये. बंगाली म्हणून बांगलादेशी घुसतात, खोटे कागद काढतात. हे खोटं हाये का? आपल्या देवीचे डोळे काढणारा माणूस कोण, हे गावानं विचारलं तं चुकलं काय?"

ग्रुपवर 'चर्चा चालू होती' म्हणजे यानंच दुपारी निमाईचा व्हिडिओ टाकला होता आणि वर लिहिलं होतं, 'फुलसावंगीत बांगलादेशी मूर्तिकार?' प्रश्नचिन्हाला कोण विचारतो! व्हिडिओ तोवर कुठल्या कुठं गेला होता. यवतमाळातल्या मंडळांपर्यंत पोचला तर निमाईचा यंदाचाच नव्हे, इथला कायमचा धंदा संपणार हे मला लगेच दिसलं.

मी निमाईला बाजूला घेतलं. "आहे ना खिशात? दाखव. दोन सेकंदाचं काम."

"तू दाखव."

"मला कोणी मागितलं नाही."

"तेच तं," निमाई म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "पोलिसानं मागितलं, दिलं. खोलीवाल्यानं मागितलं, दिलं. सिमकार्डवाल्याला बी दिलं. देवीसमोर ब्रश हातात असताना नाई देणार. कार्ड खिशात हाये. काढणार नाई." आणि त्यानं ब्रश पुसून फडक्यात गुंडाळायला सुरुवात केली.

खरं सांगतो, मला राग त्याचाच आला. सरहद्द राखली पाहिजे हे माझंही मत आहे, आजही आहे. कार्ड दाखवून सुटणारी गाठ हा माणूस ताठ्यापायी आवळत होता. पण माझं काम कुणी असं मधे थांबवून बापाचं नाव विचारलं असतं तर मी पाना आपटून निघालो असतो, हेही तितकंच खरं.

बाबूसिंगभाऊ आले. सगळं ऐकून मिशीवरून हात फिरवत हळूच म्हणाले, "दादा, दाखवून टाका ना. विषय खतम."

काकू पणत्यांवरून उठल्या. "विनोदला बसस्टॉपवर विचारलं तं तुमी दोन दिस जेवले नाई. आता तुमीच विचारून राह्यले?"

"काकू, ते रेसिझम. हे देशाचं हाये, हे वेगळं," आकाश म्हणाला.

"त्या पोट्ट्यायले बी त्यायच्या ग्रुपवर देशाचंच सांगतलं असंन."

आकाशची मान खाली गेली, पण तो मागं हटला नाही. "मग कोणी काही विचारायचंच नाई का?"

"विचार ना. जेवले का विचार. पाठ दुखते का विचार. आपले आजे-पणजे बैलावर मीठ लादून मुलखामुलखात हिंडले. तांडा जिथं उतरला तिथं लोकायनं आधी कागद मागितला असता, तं तू आज फुलसावंगीचा असता का रे?"

बाबूसिंगभाऊ बराच वेळ देवीकडे बघत होते. चेहऱ्यावर अजून डोळे नव्हते, नुसता पिवळा गुळगुळीत रंग. मग ते वळले. "उद्या डोळे हेच काढतीन. ज्याले पटत नसंन त्यानं मंडळ सोडावं, नाईतं मले काढावं. आकाश, ते पुसून टाक."

आकाशनं व्हिडिओ पुसला. पुढं गेलेला कोण पुसणार? निमाईची गुंडाळी काखेतच होती. त्याच्यापुढं काकू जाऊन उभ्या राहिल्या. "माह्या भिंतीची माती घेतली तुमी, दादा. तुमी गेले तं आंधळ्या देवीचं एक बोट माहं. त्याचं मी काय करू?"

निमाई पान थुंकून हसला. "चहा करा. साखर कमी. तुमच्याकडं चहा नाई, पाक करतेत."

सकाळी उजाडता उजाडता तो आंघोळ करून, ठेवणीतला रेशमी कुडता घालून मंडपात आला. आकाश आधीच तिथं उभा. "दादा, डोळे काढतानाचा व्हिडिओ करतो. कालच्यापेक्षा जास्त चालवतो, बघा तुमी." पोराच्या मनात काय होतं ते दिसत होतं. पण निमाईनं सगळ्यांना बाहेर काढलं. डोळे काढताना कुणी बघायचं नाही, फोटो तर नाहीच. मला तेवढं ठेवलं, कारण दिवा धरायला कुणीतरी लागतं. तेही देवीकडे पाठ करून!

म्हणून या ट्रिपमधला सर्वात मोठा क्षण मी पाहिलेला नाही. हात मागं करून दिवा धरला होता आणि समोर होती मंडपाची ताडपत्री. मागं निमाईचा श्वास ऐकू येत होता, मधेच थांबायचा, आणि थांबला की माझाही थांबायचा. शेवटी तो म्हणाला, "मिस्त्री, फिर." मी फिरलो. तिनं माझ्याकडे पाहिलं. एवढंच लिहितो.

नंतर पितृपक्ष संपेपर्यंत तिनं बघू नये म्हणून त्यानं देवीच्या तोंडावर लाल कापड टाकलं, ते घटस्थापनेलाच निघणार. मी निघण्याआधी टॉर्च घेऊन खालचा डावा हात तपासला. जोड शोधणं हा माझा धंदा आहे. कुठलंही गेट, कुठलीही टाकी दाखवा, कुठं जोडलंय ते सांगतो. या बोटाचा जोड मला सापडला नाही. शेजारच्या बोटांवरून नख फिरवलं, फरक लागेना. बोट कोणतं होतं याचाच घोळ झाला. काकूंना विचारलं, त्याही चाचपडल्या.

परतीला आकाश महागावपर्यंत मोटारसायकलवर पुढं होता, प्रत्येक खड्ड्याला हात वर करून ड्रायव्हरला थांबवत. गाडी रिकामी होती, खड्ड्यांनी काही बिघडणार नव्हतं. कुणी त्याला तसं सांगितलं नाही.

लोहाऱ्याला पोचून अंगावरचं तणस झटकतो आहे तोवर फोन. यवतमाळातल्या एका मोठ्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांची देवी निमाईच्या शेडमध्ये तयार उभी, डोळे तेवढे बाकी.

"मिस्त्री, तो व्हिडिओ पाहिला. आमची पोरं बिथरली आहेत. माणूस बाहेरचा असेल तर आम्हाला मूर्ती नको."

शेडमध्ये निमाई पाय पसरून बसला होता. ऐकत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता.

"साहेब," मी म्हणालो, "फुलसावंगीला जा. रस्ता सांगतो, महागावानंतर गाडी हळू घ्या. तिथल्या देवीच्या बोटांपैकी एकच गावच्या मातीचं आहे, बाकी सगळी बाहेरून आलेली. गावचं कोणतं ते शोधून दाखवा. सापडलं तर मूर्ती नेऊ नका, तुम्हाला दुसरी मी शोधून देईन."

माणूस हट्टी, खरंच गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथून त्यांचा फोन आला. मागून जमनाकाकूंचा आवाज येत होता, "साहेब, आधी जेवून घ्या, मंग बोटं मोजा."

"उजव्या बाजूचं, शंखाजवळचं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग वरच्या हाताचं, चक्राजवळचं?"

"नाही."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून बोटं मोजली, मला ऐकू येत होतं. मग खाकरले. "बरं, मिस्त्री, निमाईला विचारा. आमच्या मंडपात डोळे काढायला कधी येतो?"