डोळ्यावरचा एकच केस

आमच्या भाऊजींच्या कपाळावर, जिथून इतरांचे केस सुरू होतात तिथे, एकुलता एक केस आहे. त्याचे सगळे सोबती कधीच सोडून गेले, हा मात्र ठाण मांडून बसलाय. ताई म्हणते, त्याची नोकरी पक्की झालेली दिसते. भाऊजी रोज सकाळी आरशासमोर उभे राहून त्या एका केसाला कंगवा लावतात आणि संग्रहालयात जातात.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, संग्रहालयाच्या कीटक विभागात भुंगेरे ओळखतात. त्यातही जमिनीवर तुरुतुरु धावणारे, दगडाखाली राहणारे, रात्री शिकारीला निघणारे भुंगेरे हा त्यांचा खास प्रांत. कोणी डबीत काहीतरी मेलेलं घालून आणतं, भाऊजी भिंगातून बघतात आणि त्याचं नाव, गाव, घराणं सांगून मोकळे होतात. माझ्या सासरच्या मंडळींची नावं मात्र त्यांना अजून पाठ नाहीत. फिरायला निघाले की ते वाटेतला प्रत्येक दगड उलटा करून बघतात. ताई तेव्हा पुढे चालू लागते, या गृहस्थांशी आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने. ती दातांची डॉक्टर आहे. भररस्त्यात तिचे पेशंट भेटतात.

भाऊजींना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, एक लाल लेबल.

भुंगेऱ्याची एखादी जात जगात पहिल्यांदा नोंदली जाते, तेव्हा ज्या एका किड्यावरून ती नोंदली त्याच्याखाली लाल कागदाची चिठ्ठी लावतात. पुढे केव्हाही, कोणाशीही वाद झाला की सगळ्यांनी त्या लाल लेबलवाल्यासमोर येऊन उभं राहायचं. तो म्हणेल ते खरं. भाऊजींच्या ताब्यातल्या कपाटांत असे लाल लेबलवाले रांगेने बसलेत, पण सगळे दुसऱ्यांनी नोंदलेले. भाऊजी त्यांना डांबराच्या गोळ्या घालायचे, धूळ पुसायचे आणि दरवाजा लावायचे.

तसे तीनदा ते अगदी जवळ पोचले होते. पहिल्या वेळी भुंगेरा नवा निघाला, पण तो नवा असल्याचं एका परदेशी गृहस्थांनी भाऊजींच्या जन्माआधीच लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या वेळी भाऊजी लेखावर शेवटचा हात फिरवत होते, आणि तोच भुंगेरा दुसरंच कोणीतरी छापून मोकळं झालं. तिसऱ्या वेळची गोष्ट घरात मोठ्याने काढायची नाही असा नियम आहे, म्हणून मी हळूच सांगतो. भुंगेऱ्याच्या पाठीवर जो लांबलचक केस बघून भाऊजींनी नवी जात ठरवली, तो त्यांच्या स्वतःच्या स्वेटरचा धागा निघाला. ताईने तो स्वेटर दुसऱ्याच दिवशी देऊन टाकला. तिन्ही वेळा भाऊजींनी उत्साहाने लाल लेबल आधीच कापून ठेवलं होतं, आणि तिन्ही वेळा ते फाडायची पाळी आली.

चौथा भुंगेरा अंबरात सापडला. अंबर म्हणजे झाडातून गळलेली राळ. ती जमिनीखाली दबून कोट्यवधी वर्षांत घट्ट होते आणि तिचा मधाच्या रंगाचा खडा बनतो. हा खडा एका सोनाराने संग्रहालयाला फुकट दिला होता. "आत घाण आहे, लॉकेटला चालत नाही," म्हणाला. ती घाण म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान, काळाभोर, सहाही पाय जागच्या जागी असलेला भुंगेरा होता.

भाऊजी हरखून गेले. अंबराच्या खडबडीत अंगातून आतलं नीट दिसत नाही, म्हणून ही मंडळी खड्यावर साखरेच्या दाट पाकाचा थेंब ठेवून त्यावर पातळ काच लावतात. मग खिडकी पुसल्यासारखं दिसतं. घरातली साखर लवकर संपू लागली तेव्हा ताईला शंका आली. विभागात मुंग्याही झाल्या. एका मेलेल्या किड्यापायी जिवंत किड्यांची रांग लागली, असं विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या.

पण पाकातून जे दिसलं ते बघण्यासारखं होतं. मलाही भाऊजींनी दाखवलं. पुढच्या पायाला एक बारीकशी खाच होती.

"यातून तो मिशी ओढून साफ करतो," भाऊजी म्हणाले. "या घराण्याची खूण आहे ती. आणि आता डोळ्याच्या वर बघ. किती केस दिसतात?"

"एक."

"नक्की?"

"भाऊजी, एकाच्या पुढे मोजायला इथे काही नाहीच."

"याच्या सगळ्या भाऊबंदांना प्रत्येक डोळ्यावर दोन असतात मेहुणे, दोन. सगळ्यांना." आणि ते खुर्चीत मागे टेकले. पण या वेळी लाल कागदाला त्यांनी हात लावला नाही. तोंड पोळलं होतं तीनदा.

लेख छापायला गेला आणि तो तपासणाऱ्या परीक्षकाचा मेल आला. भाषा गोड होती, पण घाव बरोबर बसला. डाव्या डोळ्यावर एकच केस दिसतो हे मान्य, पण दुसऱ्याच्या जागेवर धुरकट डाग आहे, तो तिथून तुटून गेला नसेल कशावरून? उजव्या बाजूवर पांढुरकी साय आहे आणि बुडबुडा आहे, तिथलं काहीच दिसत नाही. उजवा डोळा दाखवा, नाहीतर ही जात मान्य करता येणार नाही.

क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रातून बघून झालं होतं. त्यात भुंगेऱ्याचे पाय आले, जबडे आले, केस काही आला नाही. म्हणजे उरला एकच उपाय. उजव्या बाजूने अंबर घासत घासत डोळ्यापर्यंत जायचं आणि केसाच्या अलीकडे थांबायचं. अडचण अशी की कडेपासून एक चीर थेट डोक्याच्या दिशेने गेली होती. जरा जोर पडला की खड्याचे दोन तुकडे, आणि चौथा भुंगेराही गेला.

मॅडमनी परवानगी दिली, पण एका अटीवर. "तुम्ही घासायचं नाही. तुम्ही चहाचा कप धरता तेव्हा बशीला काय होतं ते मी रोज ऐकते."

"मग कोणी?"

"ते तुम्ही सांगा."

भाऊजी म्हणाले, "आमच्या घरात एक हात आहे."

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही ताईच्या दवाखान्यात जमलो. ताईने आधीच सांगून ठेवलं होतं, "मी रोज जिवंत माणसाच्या तोंडात हेच करते. ती माणसं हलतात, बोलतात, मध्येच थुंकायला उठतात. तुमचा हा तर गुणी बाळ आहे." तिने कवळीसाठी वापरतात ते गुलाबी मेण मऊ करून खडा त्यात बसवला, चिरेत पातळ डिंक भरून वाळवला आणि यंत्र बाजूला ठेवून दिलं. "यंत्राने नको. तापलं तर चीर वाढेल. हातानेच घासते." पॉलिश पेपरचे बारीक तुकडे तिने ओळीने मांडले, खरखरीत ते अगदी मऊ. माझ्याकडे पाण्याचा ड्रॉपर आला. मॅडमना बसायला जागाच नव्हती म्हणून त्या पेशंटच्या खुर्चीत आडव्या झाल्या आणि तिथून छताकडे बघत देखरेख करू लागल्या.

चार वेळा घासायचं, पाण्याने धुवायचं, भिंगाखाली बघायचं, परत चार वेळा. साय पातळ होत गेली. बुडबुडा फुटला तेव्हा भाऊजींच्या तोंडून असा आवाज आला, की ताईने सवयीने विचारलं, "दुखतंय का?"

"हो," भाऊजी म्हणाले.

"झालंच. आ करून बसा." मग तिचं तिलाच हसू आलं, पण हात हलला नाही.

आता ती एकाच बोटाने घासत होती. पेपर इतका मऊ की नुसता कागदच वाटावा. अचानक ती थांबली.

"का थांबलीस?" भाऊजींनी विचारलं.

"पुढे गेले तर केसाला लागेल."

"केस आहे?"

"तुम्हीच बघा. मी बघितलं तर म्हणाल, बायकोने भरीस घातलं."

भाऊजींनी पाकाचा थेंब ठेवला, काच ठेवली आणि वाकले. बराच वेळ वाकूनच होते. मग बाजूला झाले आणि मला पुढे केलं. उजवा डोळा लख्ख दिसत होता. त्याच्यावर ताठ उभा असलेला केस, एकच. आणि जिथे दुसरा असायला हवा तिथे गुळगुळीत, चकचकीत कपाळ.

"एकच आहे," मी म्हणालो. "पण इकडचाही तुटला असेल तर?"

"केस तुटला तरी तो जिथून उगवतो ती खळी राहते," भाऊजी म्हणाले. "खळी दिसते का कुठे?"

"नाही."

मॅडम खुर्चीतून उठल्या. स्वेटरच्या प्रकरणातही विभागप्रमुख त्याच होत्या, त्यामुळे त्यांनी आधी भाऊजींच्या शर्टाच्या बाह्या नीट तपासल्या. मग भिंगाला डोळा लावला. खडा फिरवून बघितला, दिवा फिरवून बघितला, परत खडा फिरवला. शेवटी त्या सरळ झाल्या, चष्मा घातला आणि एवढंच म्हणाल्या, "लेबल कापा."

भाऊजी पेशंटच्या खुर्चीत धपकन बसले. ताईने त्यांना चूळ भरायचा ग्लास दिला आणि ते तो सगळा पिऊन गेले.

फोटो गेले, परीक्षकाचं उत्तर आलं. पटलं, लिहिलं होतं, आणि खाली, इतकं सुबक घासकाम कोणाचं, अशी चौकशी. ताईने तो मेल छापून दवाखान्यात लावला, पदवीच्या शेजारी.

नावाचं तेवढं राहिलं होतं. भाऊजींनी आधी ताईचं नाव द्यायचं ठरवलं. ती म्हणाली, "खबरदार. किड्याला माझं नाव दिलंत तर पेशंट दात काढायच्या आधी हसतील." मग त्यांनी लॅटिनमध्ये 'एकाच केसाचा' अशा अर्थाचं नाव दिलं. लेख छापून आला त्या दिवशी मॅडमनी ते वाचलं आणि मान वर करून भाऊजींच्या कपाळाकडे बघत राहिल्या.

"जातीला स्वतःचं नाव द्यायचं नसतं, हा शिरस्ता माहीत आहे ना तुम्हाला?"

"भुंगेऱ्याच्या केसावरून आहे ते, मॅडम."

"मी कुठे काय म्हणाले?"

पुढच्या आठवड्यात विभागात छोटासा समारंभ झाला. समारंभ म्हणजे आम्ही चौघं, एक उघडा खण आणि बंद केलेला पंखा, लेबल उडू नये म्हणून. भाऊजी लाल कागद शोधू लागले. तेव्हा ताईने पर्समधून कवळीची डबी काढली. आत एक लाल लेबल होतं, चारही कडा सरळ कापलेलं.

"हे कधी कापलंस?" भाऊजींनी विचारलं.

"घासायला बसायच्या आदल्या दिवशी."

"आणि चौथ्यांदाही फसलो असतो तर?"

"मग पाचव्यासाठी ठेवलं असतं. कागद कुठे नासतो."

भाऊजींनी चिमट्याने ते लेबल उचललं. त्या दिवशी चिमटा जराही थरथरला नाही, मॅडमनीही ते बघितलं. लेबल खड्याखाली गेलं आणि मधाच्या रंगातून लाल उजेड वर आला. भाऊजींनी खण बंद केला. मग परत उघडला. मग परत बंद केला.

"अहो, आता तो कुठे पळत नाही," ताई म्हणाली.

"जात तर धावणाऱ्यांचीच आहे," भाऊजी म्हणाले, आणि खण पुन्हा उघडला.