फेझेकाच्या छपरावरचा डबा

टेकडीवरच्या शाळेत आलेलं इंटरनेट नोझुकोने अकरा छपरांवर वायफायचे डबे बसवून नदीपर्यंत खाली आणलं होतं. मध्ये वीतभरही वायर नाही. एका डब्याने पुढच्याला द्यायचं, त्याने त्याच्या पुढच्याला. शेवटचा डबा तिच्याच घरावर. दर रविवारी दुपारी जहाजावर नोकरीला असलेला तिचा लेक लिझो फोन करी आणि अंथरुणाला खिळलेला त्याचा बाप, लुंगिले, पडद्यावर पोराचं तोंड बघायला आठवडाभर जगे.

एकच घर तिने मुद्दाम वगळलं, शेजारच्या फेझेकाचं. फेझेकाचा नवरा गेला, अजून मातीही झाली नव्हती, आणि बाईच्या घरात रेडिओ चालू! दुखवट्याच्या घरात यंत्र बोलत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. नोझुकोने चारचौघींत तिचे वाभाडे काढले. ‘‘लाज विकून खाल्लीस का गं?’’ फेझेका खाली मान घालून ऐकत राहिली. तेव्हापासून बोलणं बंद.

गेल्या मंगळवारी डब्यांच्या वाटेतल्या एका घरातला म्हातारा माबांडला वारला. घरच्यांनी टीव्ही बंद केला, रेडिओ बंद केला, छपरावरचा डबाही बंद केला. खालच्या सगळ्या घरांचं इंटरनेट गेलं. आता ‘डबा चालू करा’ म्हणून नोझुको कुठल्या तोंडाने सांगणार? फेझेकाच्या छपरावरून माबांडलाच्या वरचा डबा दिसे, तिथून वळसा घालता आला असता. एक डबा घरात पडूनही होता. इकडे लुंगिलेचा श्वास तुटत चाललेला. ‘‘रविवारी लिझो दिसेल ना गं?’’ एवढंच विचारायचा. तरी ही बया पाच दिवस ताठ्यात बसून राहिली. जळो तो ताठा!

रविवारी दुपारी मात्र शिडी घेऊन ती फेझेकाच्या दारात गेली.

‘‘आठवलं का माझं छप्पर?’’ फेझेका म्हणाली. ‘‘चढ. तुझ्यासाठी नाही, लुंगिलेदादासाठी.’’

डबा लागला, हिरवा दिवा आला. नोझुको उतरली तेव्हा फेझेका शिडी धरूनच उभी होती.

‘‘त्या दिवशी रेडिओवर मयताच्या खबरा सांगत होते, यांचं नाव येतं का ते ऐकत होते मी. माझी पोरं लांब खाणीत, तिथे हाच रेडिओ लागतो. बाप गेला हे त्यांना दुसरं कोण सांगणार होतं? तू विचारलंस?’’

नोझुकोने शिडी तिच्या हातातच सोडली. ती घरी धावली. लुंगिलेचा हात गार पडला होता.

तिचा हंबरडा ऐकून बायका जमल्या. फेझेकाही आली. कोणीतरी दुखवट्याच्या रीतीप्रमाणे आरसा झाकला, आणि तेवढ्यात फोन वाजला. सगळ्याजणी नोझुकोकडे बघत राहिल्या. त्या दिवशीच्याच बायका. तिचा हात पुढे होईना.

फेझेकानेच फोन उचलून तिच्या हातात दिला. ‘‘बोल, बाई. दुसरं कोण सांगणार त्याला?’’

पडद्यावर लिझो हसत होता.

‘‘आई, बाबांना दे ना.’’