जरा थांबून विचारा

माणसं रडत जन्माला येतात. माझे थोरले साडू मात्र विचारत जन्माला आले असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. डोळे उघडल्या उघडल्या त्यांनी सुइणीला विचारलं असेल, तुमचं जेवण झालं का, आणि ती हो म्हणाल्यावर पुन्हा विचारलं असेल, नक्की ना. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघंही मूळचे खानदेशातले, पोटामागे सुरतेला आलो आणि इथलेच झालो. ते पांडेसऱ्याला राहतात आणि साड्यांच्या बॉर्डरींची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढतात. मी उधन्याला राहतो आणि पर्वत पाटियाच्या एका दुकानात दिवसभर साड्या उलगडून दाखवतो. सकाळी मी चप्पल घालायला वाकलो, की खिशात फोन वाजायचा. "साडूभाऊ, निघालात का?" रिक्षात बसलो की, पोचलात का. पोचलो की, डबा आणला का, डब्यात काय, भाजी कोरडी की रस्स्याची. एकदा दुकानात गिऱ्हाइकांची ही झुंबड उडालेली, आणि यांचा फोन. मी वैतागून म्हणालो, डब्यात विंचू आहे. "बरं बरं," साडू शांतपणे म्हणाले, "अन् पोळी की भाकरी?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की या गृहस्थांना उत्तराशी काही देणंघेणंच नाही.

उधना स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीशी त्यांचं जुनं नातं होतं. कुठंही जायचं नसताना ते तिथं जायचे आणि भुसावळची गाडी किती वाजता, आज वेळेवर आहे का, नसली तर का नाही, काल होती का, असं सगळं रीतसर विचारून घ्यायचे. खिडकीमागचा बाबू पुढं पुढं इतका हुशार झाला, की साडू पायऱ्या चढताना दिसले की चहाला उठायचा. दवाखान्यातही तेच. डॉक्टरनं काय होतंय म्हणून विचारायचं, तर साडूच त्याचं गाव, त्याच्या आईचे गुडघे आणि दवाखान्याचं भाडं एवढं विचारून बाहेर यायचे, आणि स्वतःला काय होत होतं ते सांगायचं राहूनच जायचं. आमच्या ताई, म्हणजे त्यांची बायको, जन्मभर एकच वाक्य बोलत आल्या. "एकदा सांगितलेलं ध्यानात ठेवलं असतं, तर पुन्हा विचारायची पाळी आली नसती." यावर साडू विचारायचे, काय म्हणालीस?

या सगळ्याचा खरा मार बसला तो त्यांच्या मुलीला. एकुलती एक पोरगी, गुणाची, शिकली आणि पुण्याला एका कंपनीत लागली. काम काय, तर डेटाच्या पाइपलाइनी बांधायच्या. साडूंनी तिला तिचं काम समजावून सांगायला लावलं नाही असा आठवडा गेला नसेल. ती बिचारी दर वेळी सांगायची, की पप्पा, एका ठिकाणची माहिती न सांडता दुसऱ्या ठिकाणी नेऊन नीट लावून ठेवते. साडू म्हणायचे, बरं बरं. आणि मग घरच्या अहिराणीत त्यांचा मूळ प्रश्न यायचा, "जेवण व्हयनं का?" हा प्रश्न सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि मधल्या वेळेत जायचा. एका दुपारी तिनं फोन उचलला नाही म्हणून या माणसानं कंपनीचा नंबर शोधला, तिथल्या बाईंना हिंदीतून विनंती केली, आणि त्या भल्या बाईंनी भरल्या मीटिंगचं दार उघडून सगळ्यांदेखत विचारलं, की तुमच्या वडिलांना कळायला हवंय, तुम्ही जेवलात का.

त्या संध्याकाळी पोरीनं बापाचा नंबर ब्लॉक केला. आईला तेवढं कळवलं, की मी रागावले नाही, पण मला थोडे दिवस श्वास घेऊ दे, आणि तुझ्या फोनवरून पप्पांना बोलू देऊ नकोस. ताईंनीही ते पाळलं. ती जेवते, बरी आहे, एवढं त्या सांगायच्या, पण फोन काही हातात द्यायच्या नाहीत. साडू एकदम गप्प झाले. माझा सकाळचा फोन बंद झाला. पहिले काही दिवस मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आणि मग एका रविवारी मी गेलो, तर साडू चष्मा कपाळावर चढवून कॉम्प्युटरपुढे बसलेले. शेजारी गार झालेला चहा. पोरगी दिवसभर करते तरी काय, ते आपण स्वतः करून बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मोबाइलवर शिकवणारे व्हिडिओ असतात, ते लावून हे डिझाइनवाले गृहस्थ प्रोग्राम लिहायला शिकत होते. त्या व्हिडिओंमध्ये माहिती घ्यायची ती क्रिप्टोच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या नाण्यांच्या, एका एक्स्चेंजकडून, कारण ते चोवीस तास उघडं असतं, तिथं सुट्टी नसते आणि भाव विचारणाऱ्याला पैसे पडत नाहीत. विचारायची जी सोय असते तिला एपीआय म्हणतात. साडूंनी मला ते एका वाक्यात समजावलं. "चौकशीची खिडकी आहे, साडूभाऊ, पण मागचा बाबू चहाला जात नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला त्यांची कीवही आली आणि हसूही. स्वतः एक नाणं घ्यायचा त्यांचा विचार नव्हता. फक्त भाव विचारायचा, उत्तर आलं की डेटाबेसच्या तक्त्यात नेऊन ठेवायचं, आणि पुन्हा विचारायचं. ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "चला, कुठंतरी उत्तर ठेवून घ्यायला लागले."

व्हिडिओत मिनिटाला एकदा विचारा असं सांगितलेलं. पण मिनिटभर दम धरायचा हे साडूंच्या रक्तातच नाही. त्यांनी प्रोग्राम असा लिहिला, की एक उत्तर येतंय न येतंय तोच दुसरा प्रश्न दारात उभा. एक्स्चेंजनं प्रथम सभ्यपणे कळवलं, की फार विचारता आहात, जरा थांबून विचारा. साडूंना वाटलं, आपला प्रश्न नीट पोचला नसेल, म्हणून त्यांनी तो पुन्हा विचारला. अनेकदा विचारला. मग एक्स्चेंजनं त्यांना सरळ बंद करून टाकलं. आता गंमत अशी, की त्यांचं इंटरनेट वरच्या मजल्यावरच्या सुरती शेजाऱ्याबरोबर भागीत होतं, आणि त्या शेजाऱ्याचा खरोखरच तिथं व्यवहार होता. तो बनियनवर धावत खाली आला. "काका, तमे शुं कर्युं? मारुं पण बंद थई गयुं." साडू खुर्चीत बसून होते. पडद्यावर इंग्रजीत नकार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "इथंबी ब्लॉक?"

मला त्या दिवशी हसू आलं नाही. मी म्हणालो, दादा, ते थांबा म्हणत होते, तुम्ही का नाही थांबलात? ते म्हणाले, उत्तर येतं तेवढा वेळ बरं वाटतं, संपलं की पुन्हा कसंतरी होतं. इतक्या वर्षांत या माणसानं दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर. डब्यातल्या भाजीची चौकशी ते का करायचे, ते मला तेव्हा उमगलं. त्यांना समोरच्याचा आवाज हवा असायचा, बास.

त्यानंतर त्यांनी एक्स्चेंजचे नियम पहिल्यापासून वाचून काढले. इंग्रजी अडलं तिथं डिक्शनरी घेतली. नियम असा, की नकार आला तर थांबायचं, पुन्हा नकार आला तर त्याच्या दुप्पट थांबायचं. बंदी उठल्यावर साडूंनी तसा प्रोग्राम लिहिला, आणि तो चालला म्हणून मग स्वतःवरही लागू केला. आमच्याकडे आले की एक प्रश्न विचारायचे आणि मग घड्याळाकडे बघत ओठ घट्ट मिटून बसायचे. त्यांचा चेहरा लाल व्हायचा. माझ्या बायकोनं मला आत बोलावून सांगितलं, की भाऊजींचं बीपी बघून घ्या.

नियमांच्या शेवटी आणखी एक गोष्ट लिहिली होती. सारखं विचारण्यापेक्षा एकदाच लाइन जोडून ठेवा, भाव हलला की आम्हीच कळवू. साडूंनी हे मला चारदा वाचून दाखवलं. प्रश्न विचारणाऱ्या सगळ्या ओळी त्यांनी पुसल्या, लाइन जोडली, आणि हात मांडीवर ठेवून बसले. आणि भाव खरंच आपणहून येऊ लागले, एकामागून एक तक्त्यात जाऊन बसू लागले. त्याच दिवशी त्यांनी ताईंना निरोप द्यायला सांगितलं. "तिला म्हण, मी काही विचारणार नाही. फक्त माझा नंबर मोकळा कर."

निरोप गेला. पोरीनं बरं म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. आठवडे गेले. साडू कामावरून आले की कॉम्प्युटरपुढे बसायचे आणि शेजारी मोबाइल पालथा न ठेवता उताणा ठेवायचे. एकदा पडद्याकडे बघत म्हणाले, "कोण कुठले हे, न विचारता येऊन सांगतात." मला वाटलं, त्या पोरीला मीच फोन करून चार शब्द सुनवावेत. पण त्यानं दादांवरची बंदी आणखी वाढायची, म्हणून मी ते राहू दिलं.

मग एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे शेवभाजीवर बसलेलो असताना मोबाइल वाजला. पडद्यावर पोरीचं नाव. साडूंनी भाजीचा हात लुंगीला पुसला आणि फोन स्पीकरवर टाकला. ती पप्पा म्हणाली आणि बोलत सुटली. खोली बदलली होती, नवी मैत्रीण लातूरची होती, मागल्या महिन्यात ताप येऊन गेला होता. ताप म्हटल्यावर साडूंच्या घशात प्रश्न आलेला मी डोळ्यांनी पाहिला. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि प्रश्न पाण्याबरोबर खाली ढकलला. तिकडे ती घाबरली. पप्पा, ऐकताय ना? बरं नाही का? बोलत का नाही? मम्मी कुठाय? ताईंनी माझ्याकडे पाहिलं. पोरगी कुणाची आहे, ते आम्हाला दोघांनाही एकदमच कळलं.

"मी आहे," साडू म्हणाले. "तू सांग."

मग तिचा आवाज बारीक झाला. "मनं जेवण व्हई गयं, पप्पा."

साडूंनी फोन ठेवला आणि हात धुवायला म्हणून मोरीत गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. ताईंनी त्यांच्या ताटातली भाकरी झाकून ठेवली.

आता पोरीचा फोन येतो, तिला वाटेल तेव्हा. साडू पार सुधारले आहेत. कुणाला काही विचारत नाहीत, सांगाल ते ऐकून घेतात. उधन्याचा तो बाबूही त्यांना बघून उठत नाही म्हणे. सगळ्यांचं बरं झालं. माझंच काहीतरी चुकल्यासारखं होतं. सकाळी चप्पल घालायला वाकतो आणि उगाच जास्त वेळ वाकून राहतो. पर्वत पाटियाला पोचतो, तर आपण पोचलो हे कुणाला कळवायचंच नसतं. परवा दुपारी डबा उघडला आणि मला राहवेना, मीच फोन लावला. दादा, जेवलात का? हो म्हणाले. नंतर कपभर चहा घेतला, दोन गिऱ्हाइकं केली, आणि पुन्हा लावला.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "आत्ताच तर विचारलंत. जरा थांबून विचारा."

मी थांबलो. पण मला त्यांच्याइतकं जमत नाही.